खिशात पैसे कमी, डोक्यात स्कायडायव्हिंग: हिशोब बसवायचा कसा?

मंडळी, २०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला आणि विमानातून उडी मारणं ही गोष्ट आपल्याकडच्या पोरापोरींच्या यादीत जाऊन बसली. आता तर दर चार रील्सनंतर कुणीतरी गॉगल लावून, गाल फडफडवत आकाशातून खाली येताना दिसतंच. आपणही ठरवतो, गूगल करतो, दर बघतो आणि गुपचूप पुढचा व्हिडिओ लावतो. कारण भारतात एका उडीचा आकडा पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. बऱ्याच जणांचा पहिल्या नोकरीतला महिन्याचा पगारही तेवढा नसतो.

मग हे फक्त पैसेवाल्यांचं काम आहे का? तसं नाही. फक्त "सगळ्यात स्वस्त उडी कुठे मिळेल?" या प्रश्नापासून सुरुवात करू नका. उडीच्या मूळ किमतीत फार काही सुटत नाही, आणि जिथे फारच सुटतं तिथे काळजी वाटायला हवी. उडीच्या आजूबाजूचा खर्च मात्र बराचसा आपल्या हातात असतो. उडी कधी मारायची, किती उंचीवरून आणि कशासाठी, हेही आपणच ठरवतो. आज तोच हिशोब बघूया. खाली दिलेले दर अंदाजाचे आहेत. ते बदलत राहतात, त्यामुळे बुकिंगआधी ताजा दर विचारून घ्या.

आधी नावांचा गोंधळ मिटवू

लोणावळ्याजवळच्या कामशेतला डोंगरावरून छत्रीसकट धावत सुटतात आणि वाऱ्यावर तरंगतात, ते पॅराग्लायडिंग. पायलटसोबतची अशी एक फेरी साधारण अडीच-तीन हजारांत होते. गोव्याच्या किनाऱ्यावर बोटीला दोर बांधून वर जातात, ते पॅरासेलिंग. पाठीवर पंखा लावून उडतात, ते पॅरामोटरिंग. पायाला लवचिक दोर बांधून उडी मारतात, ते बंजी जंपिंग.

स्कायडायव्हिंग म्हणजे उडत्या विमानातून बाहेर पडायचं, काही सेकंद छत्री न उघडता खाली यायचं आणि मग छत्री उघडून जमिनीवर उतरायचं. "फक्त चार हजारांत स्कायडायव्हिंग" अशी जाहिरात दिसली तर ते बहुतेक वरच्यापैकी काहीतरी दुसरं असतं. त्या गोष्टीही मजेशीर आहेत, पण आपण कशाचे पैसे भरतोय ते कळायला हवं. उलट, उंचीवरून उडायला आपल्याला आवडतं का एवढंच तपासायचं असेल, तर तीस हजार घालवण्याआधी कामशेतचे तीन हजार ही चांगली परीक्षा आहे.

एवढे पैसे जातात कुठे?

पहिल्यांदा उडी मारणारे बहुतेक लोक टँडम उडी घेतात. यात तुम्ही हार्नेसने प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधलेले असता आणि छत्री त्याच्या पाठीवर असते. थोडक्यात, एका गिऱ्हाइकासाठी विमानात दोन जागा लागतात. आपल्याकडे अशा कामासाठी बऱ्याचदा सेसनासारखी छोटी विमानं वापरली जातात. त्यांत वैमानिक सोडला तर मोजकीच माणसं मावतात. म्हणजे विमान एकदा वर गेलं की एक-दोनच गिऱ्हाइकं उडी मारतात, आणि इंधन, वैमानिक, धावपट्टीचं भाडं व देखभाल हा सगळा खर्च त्यांच्यात वाटला जातो. परदेशातल्या मोठ्या केंद्रांवर वीसेक माणसं नेणारी विमानं असतात, शिवाय ती दिवसभर फेऱ्या मारतात. तिथला दर परवडण्याचं एक मोठं कारण हेच.

दुसरा खर्च साहित्याचा. एका संचात मुख्य छत्री, राखीव छत्री आणि 'एएडी' नावाचं छोटं उपकरण असतं. ठरावीक उंचीखाली आल्यावरही माणूस वेगाने पडत असेल, तर हे उपकरण राखीव छत्री आपोआप उघडतं. राखीव छत्री वापरली नाही तरी ठरावीक मुदतीत उघडून, तपासून पुन्हा बांधावी लागते. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे आणि ते काम परवानाधारक माणसानेच करायचं असतं.

तिसरा खर्च प्रशिक्षकाचा. अमेरिकेच्या नियमांनुसार टँडम उडी घेणाऱ्याकडे किमान ३ वर्षांचा अनुभव आणि ५०० उड्या असाव्या लागतात. तुम्ही पैसे मोजता ते या अनुभवाचे. म्हणून बाजारभावापेक्षा निम्म्या दरात कुणी उडी देत असेल, तर वरच्या तीनपैकी कुठे कात्री लागली आहे, हा प्रश्न पडायलाच हवा.

सेकंदाला हजार रुपये!

आता एक गंमत बघा. पोटावर आडवं होऊन पडताना माणसाचा वेग ताशी साधारण १९० ते २०० किलोमीटरपर्यंत जातो आणि मग तिथेच स्थिरावतो. ढोबळ हिशोब असा, की पहिले १,००० फूट पडायला सुमारे १० सेकंद लागतात आणि पुढच्या प्रत्येक हजार फुटांना साडेपाच सेकंद.

टँडममध्ये छत्री साधारण ५,००० फुटांवर उघडतात. म्हणजे १०,००० फुटांवरून उडी मारली तर छत्रीविना पडण्याचा वेळ मिळतो सुमारे ३० सेकंद. तीस हजारांची उडी धरली तर सेकंदाला हजार रुपये! तीच उडी १३,००० फुटांवरून असेल तर हा वेळ पन्नास सेकंदांच्या जवळ जातो. त्यानंतरची चार-सहा मिनिटं छत्रीखाली शांतपणे तरंगायची असतात.

याचा उपयोग काय? तर दोन ठिकाणचे दर ताडून बघताना नुसता रुपयांचा आकडा बघू नका, उंची विचारा. दोन हजार रुपये वाचवण्याच्या नादात वीस सेकंद गमावणं हा तोट्याचा सौदा आहे. आणि ती उंची जमिनीपासूनची आहे की समुद्रसपाटीपासूनची, हेही विचारा. जाहिरातीत मोठा आकडा छान दिसतो.

भारतात उडी कुठे मारता येते?

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते हरियाणातल्या नारनौलचं. दिल्लीपासून साधारण दीडशे किलोमीटरवर, बाछोदच्या धावपट्टीवरून इथे टँडम उड्या होतात. मध्य प्रदेशात पर्यटन विभागाने उज्जैनला हंगामी स्कायडायव्हिंग महोत्सव भरवले आहेत. आपल्याकडची आंबी व्हॅली, गुजरातचं डीसा, उत्तर प्रदेशातलं अलीगढ, कर्नाटकातलं म्हैसूर ही नावंही इंटरनेटवर सतत दिसतात. पण आपल्याकडे बरीच ठिकाणं हंगामापुरती किंवा शिबिरापुरतीच चालतात. दहा वर्षांपूर्वीचा लेख वाचून लोणावळ्याची गाडी पकडू नका. आधी फोन करून उड्या चालू आहेत का ते विचारा.

मोसमाचंही गणित आहे. पावसाळ्यात हा खेळ जवळपास बंद असतो. उत्तरेत डिसेंबरअखेर ते जानेवारी दाट धुकं पडतं, त्यात विमान वेळेवर उडेलच असं नाही. म्हणून नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हा काळ जास्त सोयीचा पडतो.

खरा खर्च किती? एक नमुना हिशोब

समजा, पुण्याची एक मुलगी नारनौलला जाऊन उडी मारणार आहे. सोबत कुणी नाही आणि राहणं-खाणं साधं. तिचा हिशोब साधारण असा बसेल:

उडी, करासकट: ३०,००० रुपये
पुणे-दिल्ली-पुणे, रेल्वेचा स्लीपर डबा: १,६०० रुपये
दिल्लीहून नारनौल, बसने जाऊन-येऊन: ८०० रुपये
दोन रात्रींचा मुक्काम: २,००० रुपये
जेवण, रिक्षा, किरकोळ: १,५०० रुपये
हवा बिघडली तर जादा एका दिवसाची सोय: १,५०० रुपये
एकूण: ३७,४०० रुपये

यातली शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात. वारा वाढला किंवा ढग आले की उडी पुढे ढकलली जाते, आणि ते योग्यच आहे. पण परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं असेल तर माणूस हळहळतो, घाई करतो किंवा उडी न मारताच परत येतो. पंधराशे रुपयांच्या तरतुदीसाठी तीस हजारांची उडी हातची घालवू नका.

व्हिडिओ मुद्दामच या यादीत धरलेला नाही, कारण वाचवायला तीच सगळ्यात सोपी जागा आहे. व्हिडिओ दोन प्रकारचा असतो. एकात प्रशिक्षकाच्या मनगटावर छोटा कॅमेरा असतो. दुसऱ्यात वेगळा कॅमेरामन तुमच्यासोबत उडी मारतो. दुसरा प्रकार महाग, कारण तो माणूस विमानातली आणखी एक जागा अडवतो. रीलसाठी मनगटावरचा कॅमेरा पुरेसा आहे. आणि स्वतःचा मोबाइल किंवा ॲक्शन कॅमेरा घेऊन जायचा हट्ट करू नका. अमेरिकेत परवानाधारकांनाही कॅमेरा लावण्याआधी २०० उड्यांचा अनुभव घ्या असं सांगितलं जातं, कारण कॅमेरा दोरात अडकू शकतो आणि लक्षही विचलित करतो.

ईएमआय की आरडी?

मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स आता सगळ्यांकडे आहेत. "आत्ता उडी मारू, मग फेडू" हा मोह तिथूनच सुरू होतो. म्हणून आकडे समोर ठेवूया.

३०,००० रुपयांचं कर्ज वर्षाला ३६ टक्के दराने १२ महिन्यांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ३,०१४ रुपयांचा बसतो. वर्षभरात तुम्ही भरता सुमारे ३६,१७० रुपये. म्हणजे सहा हजारांहून जास्त रक्कम नुसत्या व्याजात गेली. प्रक्रिया शुल्क, उशिराचा दंड वेगळाच. पुण्याहून नारनौलला जाण्या-येण्याचा, राहण्याचा आणि जेवणाचा सगळा खर्च या व्याजात निघाला असता.

आता तेच तीन हजार दर महिन्याला बँकेच्या किंवा पोस्टाच्या आरडीत टाका. वर्षाला ३६,००० जमतात, वर थोडं व्याज मिळतं. आपल्या नमुन्यातली मुलगी या दिवाळीला सुरुवात करून पुढच्या दिवाळीपर्यंत जवळपास पूर्ण रक्कम उभी करते आणि फेब्रुवारीत, धुकं विरल्यावर, डोक्यावर कर्ज न ठेवता उडी मारते. महिन्याला तीन हजार जमत नसतील तर दीड हजाराने दोन वर्षं लागतील. विमान कुठे पळून जात नाही. उडीसाठी किमान वय सहसा १८ असतं आणि प्रकृती ठणठणीत असेल तर पन्नाशीतही लोक उड्या मारतात. बाविसाव्या वर्षीच झाली पाहिजे अशी ही परीक्षा नाही.

एक नियम मात्र पाळा. आजारपण किंवा नोकरी जाणं यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला उडीसाठी हात लावायचा नाही. तो पैसाच नसेल, तर पहिली आरडी त्यासाठी काढा.

कमी पैशात याच्या जवळ जाणारे मार्ग

वाऱ्याचा बोगदा: उभ्या काचेच्या नळीत खालून जोराचा वारा सोडतात आणि माणूस त्यावर तरंगतो. विमान नाही, छत्री नाही. हैदराबादला ग्रॅव्हिटीझिप नावाचं असं केंद्र आहे आणि खर्च काही हजारांतच आटोपतो. पडण्याची भीती यात नसते, पण हवेत शरीर कसं धरायचं हे मात्र तसंच शिकायला मिळतं. पुढे स्कायडायव्हिंगचं प्रशिक्षण घ्यायचं असेल तर हा सराव खूप कामी येतो.

एनसीसी: कॉलेजात असाल तर हा मार्ग नीट वाचा. एनसीसीच्या लष्करी विभागातल्या निवडक कॅडेट्सना आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पॅरा बेसिक कोर्ससाठी पाठवलं जातं. मुलांप्रमाणे मुलींनाही संधी असते. जागा मोजक्या आणि शारीरिक चाचणी कडक. यात छत्री विमानाला जोडलेल्या पट्ट्याने आपोआप उघडते, म्हणजे मुक्तपणे पडण्याचा वेळ मिळत नाही. पण उडी मात्र खरीखुरी असते आणि तीही एकट्याची. हवाई दलाचा 'आकाशगंगा' हा स्कायडायव्हिंग चमू १९८७ मध्ये उभा राहिला. सैन्यदलांत करिअर करायचंच असेल तर हा खेळ तिथे कामाचा भाग म्हणूनही भेटू शकतो.

विद्यापीठांचे क्लब: शिकायला ब्रिटन किंवा अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलामुलींसाठी हा सोयीचा मार्ग आहे. तिथल्या अनेक विद्यापीठांत स्कायडायव्हिंग क्लब आहेत. गटाने गेल्यावर दरात सवलत मिळते, प्रवासखर्च वाटला जातो आणि साहित्यही एकमेकांत फिरतं. तिथले स्थानिक तरुण छत्र्या घडी करून देण्याचं काम करतात आणि त्या कमाईतून उड्यांचा खर्च काढतात. पण तुम्ही विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर थांबा. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर कमाई करता येत नाही. पाच-पन्नास डॉलरसाठी व्हिसा धोक्यात घालू नका.

देणगीच्या नावाने उडी: ब्रिटनमध्ये संस्थेसाठी देणगी गोळा करायची आणि त्या बदल्यात उडी मारायची, अशी पद्धत आहे. ऐकायला छान वाटतं. पण स्कॉटलंडच्या टेसाइड भागातल्या ५ वर्षांच्या उड्यांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पहिल्यांदाच उडी मारणाऱ्यांना इतक्या दुखापती झाल्या होत्या, की देणगी म्हणून मिळालेल्या दर १ पौंडामागे सरकारी आरोग्यसेवेचे १३.७५ पौंड उपचारांवर खर्च झाले! तेव्हा देणगीच्या आडून स्वतःची उडी फुकटात काढण्यापूर्वी, गोळा झालेल्या रकमेतले किती पैसे खरंच संस्थेला जाणार, हे देणाऱ्यांना सांगा.

एकदाच मारायची की हा खेळच शिकायचा?

इथे गणित पार बदलतं. अमेरिकेत टँडम उडीला साधारण २५० ते ३०० डॉलर पडतात. परवाना आणि स्वतःचं साहित्य असणाऱ्याला तीच विमानफेरी तीसेक डॉलरमध्ये मिळते. म्हणजे वारंवार उडणाऱ्यासाठी हा खेळ दर उडीला स्वस्त होत जातो. पण तिथवर पोचायचा खर्च मोठा आहे. पहिल्या 'ए' परवान्यासाठी २५ उड्या लागतात आणि प्रशिक्षण धरून ३ ते ४ हजार डॉलर सहज जातात. 'बी' साठी ५०, 'सी' साठी २०० आणि 'डी' साठी ५०० उड्या अशी ती शिडी आहे.

पैसे वाचवण्याची एक महत्त्वाची गोष्ट इथे दडलेली आहे. अमेरिकी संघटनेच्या नियमांत, शिकणाऱ्याच्या दोन उड्यांमध्ये ३० दिवसांहून जास्त अंतर पडलं तर पुन्हा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उजळणीची उडी घ्यायला सांगितली आहे. म्हणून "पगार झाला की दर दोन महिन्यांनी एक उडी" ही काटकसर वाटते खरी, पण ती महागात पडते. त्यापेक्षा सगळे पैसे आधी साठवा आणि सलग दोन-तीन आठवडे काढून प्रशिक्षण उरका. रोज एकदा उजळणी होते, त्यामुळे एखादा टप्पा पुन्हा करायची वेळही कमी येते.

या खेळात मराठी नाव मोठं आहे बरं का! पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, थेट उत्तर ध्रुवावर पहिली उडी मारली. तापमान होतं उणे ३७ अंश. २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकात उडी मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी घेतली. अशी कारकीर्द घडवायची तर प्रायोजक, शिष्यवृत्ती, सरकारी मदत हे सगळं शोधावं लागतं. एका उडीच्या हौसेसाठी मात्र प्रायोजक मिळेल या आशेवर राहू नका. तिथे आरडीच कामाला येते.

काटकसर कुठे थांबवायची?

स्लीपरने जा, धर्मशाळेत रहा, व्हिडिओ सोडून द्या. पण सुरक्षेवर घासाघीस नको. नीट चालवलेल्या ठिकाणी हा खेळ वाटतो तेवढा जिवावरचा नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० मृत्यू नोंदले गेले. हे प्रमाण कमी राहतं ते प्रशिक्षण, तपासणी आणि नियम यांमुळे, म्हणजेच ज्यांच्यासाठी आपण पैसे मोजतो त्याच गोष्टींमुळे.

विम्याचंही बघा. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात साहसी खेळांबद्दल एक ठरलेलं कलम असतं. व्यावसायिक म्हणून अशा खेळात भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च त्यानुसार मिळत नाही, आणि त्या यादीत स्कायडायव्हिंगचं नाव आहे. हौशी माणसाचं काय, हे आपल्या पॉलिसीत वाचा आणि कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. परदेशात जाणार असाल तर प्रवास विमा वेगळा तपासा. त्यात साहसी खेळ बऱ्याचदा पूर्ण वगळलेले असतात. मोडलेल्या पायाच्या शस्त्रक्रियेचं बिल उडीच्या कितीतरी पट असतं.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

१. डीजीसीएची आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी आहे का? कागद दाखवाल का?
२. प्रशिक्षकाच्या एकूण उड्या किती आणि त्यातल्या टँडम किती?
३. राखीव छत्री शेवटची कधी तपासून बांधली? एएडी आहे ना?
४. उडी किती फुटांवरून? ती उंची जमिनीपासून मोजलेली आहे का?
५. दरात जीएसटी, प्रशिक्षण आणि विमा धरला आहे का?
६. वजनाची मर्यादा किती आणि जादा वजनाला जादा पैसे आहेत का? बहुतेक ठिकाणी नव्वद ते शंभर किलोपर्यंतची मर्यादा असते.
७. हवामानामुळे उडी झाली नाही तर पैसे परत मिळतात की पुढची तारीख? हे लेखी द्याल का?
८. माझा रक्तदाब, खांद्याची जुनी दुखापत, कानाचा त्रास असं काही असेल तर डॉक्टरांचं पत्र लागेल का?

उत्तरं टाळणाऱ्या किंवा "आजच पूर्ण पैसे टाका, उद्या दर वाढेल" अशी घाई करणाऱ्या माणसाला नमस्कार करा आणि पुढचा फोन लावा. इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी पेजला यूपीआयवर आगाऊ रक्कम पाठवू नका. थेट केंद्राशी बोला, त्यांच्या नावाच्या खात्यावर पैसे भरा आणि पावती घ्या.

शेवटी, विमानाच्या दारात पोचल्यावर भीती वाटली आणि "नको" म्हणावंसं वाटलं, तर म्हणा. पैसे गेल्याची हळहळ थोडे दिवस राहते, एवढंच. कर्जाने आलेल्या माणसाला तिथे माघार घेणं फार जड जातं. स्वतः साठवलेल्या पैशाने आलेला माणूस निदान मोकळ्या मनाने हो किंवा नाही म्हणू शकतो.

तर मग, आरडी कधीपासून सुरू करताय? आणि तुमच्या ग्रुपमध्ये दर महिन्याला "चला रे एकदा" म्हणणारा जो मित्र आहे, त्याला हा हिशोब आधी पाठवा!